डोरीनचं ‘चालेल’

“मी खोटारडी आहे का रे, नॉर्मन?”

डोरीन एन्टविसलने पिशवीतून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं आणि खुर्चीत टेकायच्या आधीच हे विचारलं. मंगळवार होता. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी मी पॅडिहमच्या लायब्ररीत मागच्या टेबलापाशी बसतो आणि लोकांचे अर्ज, बिलं, तक्रारी लिहून देतो. पगार नाही, चहा फुकट. एकतीस वर्षं मी याच गावात घरोघर टपाल वाटलं. आता तेच टपाल लोक माझ्याकडे परत घेऊन येतात. केलेलं फेडावं लागतं म्हणतात ते हेच असावं.

“आधी बस,” मी म्हटलं. “कोट काढ. मग ठरवू तू कोण आहेस ते.”

पाकीट पाहूनच मला कळलं की आत काही बरं नाही. चांगली बातमी कंपन्या इतक्या जाड कागदावर कधी पाठवत नाहीत. डोरीनने मार्चमध्ये विजेची आणि गॅसची कंपनी बदलली होती, शेजारणीने नवी स्वस्त पडते म्हणून सांगितलं तेव्हा. जुन्या कंपनीकडे तिच्या हप्त्यांचे थोडे पैसे शिल्लक होते. ते परत देताना कंपनीने दीडशे पौंड कापून घेतले. पंचाहत्तर विजेचे, पंचाहत्तर गॅसचे. का, तर करार मुदतीआधी सोडला म्हणून. कसला करार, असं डोरीनने फोन करून विचारलं. तुम्हीच गेल्या ऑक्टोबरात फोनवर दोन वर्षांचा केलात, असं उत्तर आलं. अशी काही फी असते हे मला कुणी सांगितलं नाही, असं ती म्हणाली. त्यावर हे पत्र. ‘आमच्या नोंदीनुसार आपणांस सदर फीची पूर्ण कल्पना देण्यात आली होती व आपण ती मान्य केली होती.’ साध्या भाषेत सांगायचं तर, बाई, तुम्ही खोटं बोलताय.

“ऑक्टोबरात फोन आला होता का पण?”

“आला असेल. रॉय होता तेव्हा,” डोरीन म्हणाली.

रॉय तिचा नवरा. नोव्हेंबरात गेला. त्या महिन्यात आलेली सगळी पाकिटं तिने न फोडताच स्वयंपाकघरातल्या खणात कोंबली होती, सांत्वनाच्या कार्डांसकट. कराराचा कागदही त्यातच असणार. मी विचारलं, फोनवर काय बोललीस ते तरी आठवतं का? ती रुमालाशी चाळा करत म्हणाली, “काय बोलणार? ‘चालेल’ म्हटलं असेन.”

म्हटलंच असणार. डोरीनचं ‘चालेल’ अख्ख्या गावाला ठाऊक आहे. एकोणतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढलं, आणि कस्टर्ड दुसऱ्यांदा मागणाऱ्या एकाही पोराला तिने कधी परत पाठवलं नाही. दारावर विकायला येणाऱ्यांची तर चंगळ होती. तिच्याकडे चार पोछे आहेत. एकदा तर कपडे धुण्याच्या मशीनचा विमा तिने घेतला होता, मशीन विकून टाकल्यानंतर. समोरच्याचं मन मोडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नाही. आपल्याकडे एकूणच लोक ‘नको’ म्हणायला लाजतात, पण डोरीनने कहर केला होता.

सगळ्या जगात ती दटावायची फक्त एकाला, रॉयला. त्याचंही कारण होतं. रॉय वीस वर्षं कापडाच्या गिरणीत माग दुरुस्त करायचा. तिथल्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलायची, आणि बाहेर आली की ओरडायची. पुढे गिरणी बंद पडली, रॉय बसच्या गॅरेजात लागला, पण कान काही परत आले नाहीत. मी सकाळी त्यांच्या दारात टपाल टाकायचो तेव्हा हा मागच्या खोलीतून मला हवामान सांगायचा आणि ते बसथांब्यावरच्या लोकांना ऐकू जायचं. लगेच डोरीन, “रॉय, हळू. गल्ली ऐकतेय.” हे मी हजार वेळा तरी ऐकलं असेन. रॉयवर त्याचा काडीचाही परिणाम व्हायचा नाही.

मी कंपनीला रीतसर तक्रार लिहिली. फी सांगितली नव्हती, पैसे परत करा, आणि सांगितली असं म्हणत असाल तर त्या संभाषणाचं रेकॉर्डिंग पाठवा. शेवटची ओळ मी नुसती जोर यावा म्हणून घातली होती, खरं सांगतो. आठ आठवड्यांत उत्तर आलं नाही तर वरच्या लवादाकडे जाता येतं, हेही तिला समजावून ठेवलं. ती “चालेल” म्हणाली.

पाचव्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. घरी एकटीला बोलायचं नव्हतं म्हणून तिने त्यांना मंगळवारची वेळ दिली होती, लायब्ररीतली. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. पलीकडची बाई फार गोड होती. म्हणाली, आमची काही चूक नाही, पण तुम्ही जुन्या ग्राहक, तेव्हा सदिच्छा म्हणून अर्धे पैसे परत करतो आणि प्रकरण मिटवून टाकू. मी डोरीनकडे पाहून जोरजोरात होकाराची मान डोलावली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मला खात्री होती, आता ती तो शब्द उच्चारणार.

“बाई, तुम्ही फार छान बोलता,” डोरीन म्हणाली. “पण मला आधी ते रेकॉर्डिंग ऐकायचंय. मी खोटी निघाले तर सगळे पैसे ठेवा तुम्ही. वर मी माफी मागेन.”

मी कप तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला.

फोन ठेवल्यावर मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, आयुष्यभर कुणालाही नाही म्हणाली नाहीस आणि आज पंचाहत्तर पौंड चालून आले तेव्हा बरी वाचा फुटली तुला? तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पैशाचं नाही रे. ते मला खोटारडी म्हणाले, आणि मला उत्तर देता येत नाही. मला ऑक्टोबरातलं काही म्हणजे काही आठवत नाही, नॉर्मन. त्याच्यासोबतचा शेवटचा महिना तो, आणि नुसता कोरा. मी काय बोलले, कशी वागले, ते दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात पडलंय. ते मला पाहिजे.”

रेकॉर्डिंगमध्ये त्या विक्रेत्याने फी धडधडीत सांगितलेली निघाली तर हिचे सगळे पैसे जाणार, आणि आपण खोटं बोललो हे तिच्या मनात कायमचं बसणार. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि मी काही झोप न लागणाऱ्यातला माणूस नाही.

तीन आठवड्यांनी रेकॉर्डिंग आलं. डोरीनकडे ईमेल नाही, म्हणून माझा पत्ता दिला होता. लायब्ररीतल्या शबानाने आम्हाला मागची खोली उघडून दिली, कॉम्प्युटर लावून दिला आणि दार ओढून घेऊन गेली. भली पोरगी आहे.

सुरुवातीला एका तरुण मुलाचा आवाज, आगगाडी सुटल्यासारखा. नाव, पत्ता, जन्मतारीख. मग दर कसे वाढणार आहेत आणि आत्ताच करार केला तर कसा फायदा आहे. मधेमधे डोरीन, “हो बाळा”, “असं का बाळा”. मग तो मुलगा म्हणाला, “आता काही अटी आहेत, त्या वाचून दाखवतो, मॅडम.” आणि तेवढ्यात त्या बंद खोलीत रॉय बोलला.

“कोण आहे गं?”

मी चक्क मागे वळून पाहिलं. असा आवाज, की कुणालाही वाटावं दारातच उभा आहे. डोरीनने टेबलाची कड घट्ट धरली.

“लाईटवाले आहेत, रॉय.”

“काय विकतायत?”

“दोन वर्षांचं काहीतरी आहे.”

“नको म्हणावं! आहे ते बरं आहे आपलं. नको म्हणून सांग आणि ठेव फोन.”

“तू गप्प बस, रॉय. त्या पोराचं कामच आहे ते. तुझ्या ओरडण्यात मला काही ऐकू येत नाहीये.” मग आवाज मऊ करून, “माफ कर हं, बाळा. आमचा म्हातारा ओरडतो. तू बोल.”

मुलगा हसला. म्हणाला, “मग करून टाकू ना, मॅडम?”

“चालेल.”

तो आभार मानून मोकळा झाला. अटी वाचायच्या राहूनच गेल्या. फीचा शब्दसुद्धा नाही.

मी टेबलावर थाप मारली. सापडले लेकाचे! अटी वाचल्या नाहीत, फी सांगितली नाही, आणि वर घरातला माणूस स्वच्छ नको म्हणतोय तेही त्यांच्याच यंत्रात. मी मूर्ख, बोटांवर मुद्दे मोजत बसलो. मग तिच्याकडे लक्ष गेलं. ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होती.

“परत लाव,” ती म्हणाली.

परत लावलं. मग आणखी एकदा.

“एकोणीस दिवस राहिले होते त्याचे,” डोरीन म्हणाली. “परक्या पोराला बाळा म्हटलं मी. आणि त्याला गप्प बस.”

अशा वेळी काय बोलायचं ते शहाण्या माणसाला सुचतं. माझ्या तोंडून निघालं, “अगं, ते तर तू रोजच म्हणायचीस.”

जीभ चावली मी. पण ती हसली, डोळे पुसता पुसता. “म्हणायचे खरी. आणि मेला एकदाही गप्प बसला नाही.”

पुढचं सोपं होतं. मी पत्र लिहिलं, बारा दिवसांत उत्तर आलं. दीडशे पौंड परत, मनस्तापाचे वर पन्नास, आणि खाली एक ओळ: ‘आपणांस फीची कल्पना देण्यात आली नव्हती, हे आम्ही मान्य करतो.’ पैशांबद्दल डोरीनने चकार शब्द काढला नाही. ती ओळ मात्र तिने मला दोनदा वाचायला लावली, आणि मग ते पत्र घरी नेऊन फ्रिजवर चुंबकाने लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

सप्टेंबरात मी तिच्याकडे चहाला गेलो होतो. शबानाने ते रेकॉर्डिंग तिच्या मोबाईलमध्ये घालून दिलंय. डोरीन बटाटे सोलत बसली होती, मोबाईल सालींच्या शेजारी. “ऐकतोस?” तिने विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता लावलंसुद्धा.

कोण आहे गं. काय विकतायत. नको म्हणावं. त्या छोट्याशा स्वयंपाकघरात रॉय पूर्वीसारखाच मावत नव्हता. “नको म्हणून सांग आणि ठेव फोन,” असं तो म्हणाला, आणि तिथे तिने ओल्या अंगठ्यानेच ते थांबवलं. सवयीचा हात होता तो, अगदी नेमका.

“पुढचं मी लावत नाही,” ती म्हणाली. मग मला बिस्किटं दिली.

इतक्यात बोळातला घरचा फोन वाजला. ती हात पुसत गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. “हो, मीच बोलतेय... असं का, बाळा... हो का, इतकं स्वस्त... फार छान सांगतोस रे तू.” मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आला पाचवा पोछा.

“नाही, बाळा,” डोरीन म्हणाली. “आमचा रॉय नको म्हणतोय.”

तिने फोन ठेवला, आत येऊन बसली आणि अर्धा सोललेला बटाटा पुन्हा हातात घेतला.