खोटं गिऱ्हाईक

बँकेत तिला सगळे मशीनबाई म्हणत. हिणवायला नाही, कौतुकानं. काउंटरवर बसली की तिची बोटं अशी चालत की रांगेतल्या माणसाला खिशातून चष्मा काढायचीही फुरसत मिळू नये. शेजारच्या कारकुनाचं एक गिऱ्हाईक उरकेपर्यंत हिची तिघं घरी पोचलेली असत. या वेगाच्या जिवावर तिनं कंत्राटाची नोकरी इतकी वर्षं टिकवली होती, आणि खरं सांगायचं तर त्या वेगाचा तिला थोडा माजही होता.

पण यंदा सरकारनं नवीनच टूम काढली. देशातल्या एकूण एक कामांच्या म्हणे पातळ्या ठरल्या. सुताराची कुठली, नर्सबाईंची कुठली, सगळं छापून आलं. बँकेच्या काउंटरवर बसायचं तर चौथी पातळी हवी. कामाची मानकंही आली, जाडजूड पुस्तकच. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, ओळख कशी पटवायची, कुणी फसवणुकीत सापडलंय असं वाटलं तर काय विचारायचं, काय करायचं. परीक्षक शाखेत येऊन मागे बसणार आणि दिवसभर बघणार. बरं, या परीक्षेत नापास हा शब्दच नाही. 'सक्षम' नाहीतर 'अजून सक्षम नाही'. मारायचं, पण गोंजारून. ज्याला प्रमाणपत्र नाही त्याचं कंत्राट वर्षअखेरीला संपणार. फेरपरीक्षा होती, पण पुढच्या वर्षी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

घरी नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. मुलीचं कॉलेज, सासूबाईंची औषधं, घरभाडं, सगळा गाडा मशीनबाईच्या दहा बोटांवर. सकाळी निघताना सासूबाई म्हणाल्या, "पातळी विहिरीची असते गं, माणसाची कसली?" मशीनबाई हसली, पण हातातला घास तिनं ताटात परत ठेवला. नवरा दारापर्यंत आला. "तू पास होणार. तुझ्यासारखी आहे का कुणी त्या बँकेत?" असं म्हणाला खरा, पण बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

शाखेत पाऊल टाकते तोच शेजारच्या कारकुनानं गाठलं. त्याला सगळे वार्ताहर म्हणत. शाखेत सुई पडली तरी ती कुणाची होती हे त्याला ठाऊक असायचं.

"ऐका," तो कुजबुजला. "परीक्षक एक खोटं गिऱ्हाईक पाठवतो. माझ्या मेव्हण्याच्या शाखेत पाठवलं होतं. म्हातारी होती. हात काय थरथरवते, डोळे काय पुसते. असेल नसेल ते सगळं भलत्याच खात्यात पाठवा म्हणते. तिला पुस्तकातले तीन प्रश्न विचारायचे, उत्तरं नोंदवायची, की झालं. खातं खोटं, पैसेही खोटे. घाबरायचं काम नाही."

"नक्की?"

"मी कधी चुकीची बातमी दिली आहे?"

दिली होती, पुष्कळदा दिली होती. पण बुडत्याला काडीचा आधार. मशीनबाईनं ती काडी घट्ट धरली.

परीक्षक तिच्या मागे खुर्ची टाकून बसले. सडपातळ, कमी बोलणारा माणूस. गुडघ्यावर फळी, फळीवर कागद. काउंटरच्या काचेत त्यांचा हात दिसत होता. तो हलला की मशीनबाईची बोटं क्षणभर थांबायची. पेन खाली गेलं, तिरकं वर आलं, की तिला कळायचं, बरोबरची खूण. मग पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत जिवात जीव.

सकाळ अशी निम्मी सरली आणि म्हातारी आली.

डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला. हात थरथरत होते. डोळे नुकतेच पुसलेले, लालसर. स्कार्फच्या खालून कानाशी एक काळी वायर डोकावत होती. मशीनबाईनं हे सगळं एका नजरेत टिपलं आणि मनाशी म्हणाली, आली गं बाई! मेव्हण्याच्या शाखेतलीच दिसते. वायरसुद्धा लावून पाठवली आहे, काय तयारी आहे यांची.

म्हातारीनं पासबुक पुढे सरकवलं. खात्यातलं सगळं एका दुसऱ्या खात्यात पाठवायचं होतं. मशीनबाईनं ते खातं स्क्रीनवर काढलं, पाठ ताठ केली आणि परीक्षकांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"आजी, हे पैसे कशासाठी पाठवताय?"

म्हातारी थोडी थांबली. कुणी कानात सांगतंय आणि आपण ऐकतोय, तशी थांबली. "घराचा व्यवहार आहे."

"ज्यांना पाठवताय त्यांना तुम्ही ओळखता?"

पुन्हा तशीच थांबली. "हो. ओळखते."

"कुणाला सांगू नका, बँकेत काही बोलू नका, असं तुम्हाला कुणी बजावलंय का?"

या वेळी म्हातारी फार वेळ गप्प राहिली. तिचा हात काउंटरच्या कडेवर आला आणि हळूहळू काचेखालून कीबोर्डच्या दिशेनं सरकला. मशीनबाईची नजर स्क्रीनवर होती. तिची नजर नेहमी तिथंच असायची. गिऱ्हाइकांना ती हातावरून ओळखायची, तोंडावरून नाही. तो सुरकुतलेला हात तिला दिसला आणि वाटलं, ही तर नाटक कंपनीत हवी होती.

"नाही," म्हातारी म्हणाली.

मशीनबाईनं तीन उत्तरं नोंदवली आणि बटण दाबलं. रक्कम मोठी होती, म्हणून व्यवहार मंजुरीसाठी शाखेच्या मोठ्या साहेबांच्या स्क्रीनवर गेला. असे अडकलेले व्यवहार साहेब जेवणाच्या सुट्टीआधी एकदम मोकळे करत. "बाकावर बसा आजी, मंजुरी आली की पावती देते," असं सांगून तिनं पुढच्याला हाक मारली. काचेत पेन तीनदा तिरकं वर गेलं. जिंकले, तिला वाटलं. नवऱ्याला फोन करून कधी सांगते असं झालं.

मग दोनतीन साधी गिऱ्हाइकं झाली. आणि मग एक तरुण आला. कडक इस्त्रीचा शर्ट, घामानं डबडबलेला, तळहातावर काहीतरी लिहिलेलं.

"मला... फोन आला होता," तळहाताकडे बघत तो म्हणाला. "की मला बक्षीस लागलंय. तर मी पैसे पाठवणार. त्या माणसाला मी ओळखतो का..." तो अडखळला, मशीनबाईच्या खांद्यावरून मागे परीक्षकांकडे बघितलं आणि ओशाळला. "नाही, हे तुम्ही विचारायचं असतं ना?"

मागे परीक्षकांनी हळूच सुस्कारा सोडला.

मशीनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं गिऱ्हाईक हा होता. म्हणजे बाकावरची म्हातारी खरी. ती वायर खरी, ते डोळे खरे, आणि तिचे पैसेही खरेच.

तिनं बाकाकडे पाहिलं. म्हातारी बसली होती, कानावर स्कार्फ घट्ट दाबून, ओठ हलत होते. पलीकडे काचेच्या खोलीत साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि कीबोर्ड जवळ ओढला. जेवणाची सुट्टी होत आली होती.

आता बघा, गप्प बसली असती तर काही बिघडत नव्हतं. तीन प्रश्न विचारले होते, तीन उत्तरं नोंदवली होती, खुद्द परीक्षकांनी तीन खुणा केल्या होत्या. उद्या कुणी बोट दाखवायची सोय नव्हती. खातं चुकलं अशी थाप मारून व्यवहार परत मागवावा, हाही विचार तिच्या मनात येऊन गेला. पण मग साहेब म्हणाले असते, दुरुस्त करा आणि पाठवा. थांबवायचं असेल तर खरं कारण सांगायला हवं होतं. खरं कारण असं की फसवणुकीची लक्षणं तिला दिसली होती आणि तरी तिनं बटण दाबलं. मानकांच्या पुस्तकात याला माफी नव्हती. एवढ्या एका गोष्टीवर माणूस घरी. तिला सकाळचं नवऱ्याचं तोंड आठवलं आणि रडू आलं. मला काय पडलंय, असंही एकदा वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

साहेबांचा हात माऊसवर गेला.

मशीनबाई उठली. समोर परीक्षेचं गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून उठली आणि साहेबांच्या खोलीचं दार ढकललं.

"साहेब, थांबा. त्या आजींचं पाठवू नका."

"का? काय चुकलं?"

परीक्षक तिच्या मागोमाग दारात येऊन उभे होते. मशीनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "त्यांच्या कानात वायर आहे. कुणीतरी पलीकडून बोलतंय आणि त्या ऐकून उत्तरं देतायत. मला ते दिसलं होतं. मला वाटलं, त्या परीक्षेसाठी आल्यात. म्हणून मी पुढे पाठवलं."

साहेबांनी माऊसवरचा हात असा उचलला, जसा चटका बसावा.

मशीनबाई बाकाकडे धावली. म्हातारीच्या पुढ्यात बसून म्हणाली, "आजी, फोन माझ्याकडे द्या." म्हातारीनं फोन छातीशी धरला. "नाही. पैसे पोचले नाहीत तर माझ्या मुलाला कोठडीत घालतील. पोलीस बोलतायत." मशीनबाईनं वायर ओढली तशी फोनमधून माणसाचा शांत, समजूतदार आवाज आला, "मॅडम, कुणाशीही बोलू नका." तिनं फोन बंद केला. म्हातारीनं किंकाळी फोडली आणि दोन्ही मुठींनी तिच्या खांद्यांवर मारायला लागली. "मारलंस गं माझ्या लेकराला." मशीनबाईनं मार खाल्ला. आपल्याला तो मिळायलाच हवा, असं तिला वाटत होतं.

तोवर साहेबांनी खात्यावरचा मुलाचा नंबर लावला होता. फोन म्हातारीच्या कानाशी धरला.

"आई? अगं मी कामावर आहे. काय झालं?"

म्हातारी ऐकत राहिली. मग तिचं सगळं अंग सैल पडलं आणि ती मोठमोठ्यानं रडली. वार्ताहर पाणी घेऊन आला. एरवी तोंडाला कुलूप नसलेला माणूस, मान खाली घालून पेला पुढे धरून उभा राहिला.

सगळं शांत झाल्यावर परीक्षक फळी घेऊन बाकापाशी आले. साहेब त्यांच्या मागेच होते. "अहो, पैसे वाचले की," साहेब म्हणाले. "तिनंच वाचवले. घर चालतं तिच्यावर. एवढं बघा."

परीक्षकांनी कागद वरखाली केला. माणूस वाईट नव्हता. "वायर तुमच्या नंतर लक्षात आली," ते मशीनबाईला हळू आवाजात म्हणाले, "असं तुम्ही म्हणालात, तर मी तसं लिहीन. 'सक्षम' लिहीन."

मशीनबाईचा जीव त्या एका वाक्यात अडकला. एक हो म्हणायचं, बस. नोकरी, मुलीचं कॉलेज, औषधं, सगळं त्या एका शब्दात होतं.

तेवढ्यात म्हातारीनं तिचा हात धरला. राग ओसरला होता. आवाज बसला होता.

"तिसरा प्रश्न विचारलास ना पोरी," ती म्हणाली, "तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. तो कानात ओरडत होता, नाही म्हण, नाही म्हण. मी म्हटलं, ही एकदा वर बघेल. नुसतं वर बघितलं असतंस, तर मी डोळ्यांनी सांगणार होते. हातही पुढे केला होता तुझ्याकडे." ती थांबली. "तू बघितलंच नाहीस."

मशीनबाईनं आपला हात तसाच तिच्या हातात राहू दिला. मग परीक्षकांकडे वळली.

"वायर आधीच दिसली होती," ती म्हणाली. "तसंच लिहा."

"मग 'अजून सक्षम नाही' लिहावं लागेल."

"हो. नाहीच आहे मी."

त्यांनी लिहिलं. कागद पुढे केला. उमेदवाराच्या सहीच्या जागी तिनं सही केली, आणि म्हातारीशेजारी बाकावर बसली. पिशवीत तिचा फोन वाजत होता. नवऱ्याचा होता. तिनं तो काढून हातात धरला, पण उचलला नाही. आधी तिनं मान वर केली आणि म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं.