गिळू नका, काकू

मी सोनोग्राफीचा प्रोब बोलतोय. दिसायला दाढीच्या मशीनएवढा, मागे लांबलचक वायर, तीही मध्येच चिकटपट्टीने गुंडाळलेली. पण माझा तोरा विचारू नका. माणसाचा गळा बाहेरून कुणालाही दिसतो, आतून बघायला मीच लागतो.

थंडगार जेल फासून मला गळ्यावर टेकवलं, की भलेभले दचकतात. देव मला क्षमा करो, पण मला त्याची फार मजा वाटते.

पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला एका कारखान्यात जोडलं आणि खोक्यातून बाहेर काढलं ते आमच्या डॉक्टरीणबाईंनी. दहा वर्षांत त्यांनी मला एकदाही खाली पाडलं नाही. त्यांचा एकच मंत्र, "बोलू नका, हलू नका, गिळू नका." चित्र हललं की त्यांचा जीव वरखाली होतो.

एकदा एक काकू आल्या, बरोबर त्यांची नणंद. काकूंना दोनदा मूतखडा झालेला, हाडं ठणकायची, साधी ठेच लागून पडल्या तर मनगट मोडलेलं. शिवाय विसराळूपणा. रक्तात कॅल्शियम वाढलेलं. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यातली एखादी फुगली, की हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत बसते. सर्जनने सांगितलं होतं, "नेमकी कुठली ते दाखवा, बोटभर छेदात काम होईल. नाहीतर गळा दोन्ही बाजूंनी शोधावा लागेल." काकूंनी त्याचीच धास्ती घेतली होती.

याआधी दोनदा शोधून झालं होतं. दोन्ही वेळा थायरॉईडमधली एक साधीभोळी गाठ सापडली. तिच्यात सुई घालून तपासणीही झाली. गरीब बिचारी, तिचा काही दोष नव्हता. खरी चोर भलतीकडेच लपलेली.

काकू खांद्याखाली उशी घेऊन, मान मागे टाकून निजल्या. डॉक्टरीणबाईंनी मंत्र म्हटला. काकू इतक्या आज्ञाधारक, की श्वाससुद्धा विचारून घेतील. मी डावीकडे फिरलो, उजवीकडे फिरलो. काही नाही.

"आजारबिजार काही नाही हो," नणंदबाई खुर्चीतून म्हणाल्या. "कामाचा कंटाळा, दुसरं काय. वहिनी, परवासारखं दार उघडं टाकून नाही ना आलीस?"

दार लावलं की नाही, काकूंना आठवेना. त्यांनी भला मोठा आवंढा गिळला.

आणि काय सांगू! गळपट्टीच्या हाडामागून एक काळी, लांबट गाठ टुणकन वर आली, मला तोंड दाखवलं आणि परत खाली दडली.

डॉक्टरीणबाईंचा हात थबकला. "काकू, पुन्हा गिळा."

"तुम्हीच तर गिळू नका म्हणालात."

"चुकलं माझं. गिळा."

काकूंनी गिळलं, चोर पुन्हा वर. तिला रक्त पुरवणारी शीरही पडद्यावर लाल चमकली. डॉक्टरीणबाईंनी चित्र पकडलं. "ही बघा, डावीकडे, खाली. म्हणूनच तुमची हाडं दुखतात आणि आठवण राहत नाही. कंटाळा नाही हा."

नणंदबाईंना एकदम पिशवीत काहीतरी शोधावंसं वाटलं.

दोन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. काकूंच्या गळ्यावर बोटभर रेघ, चेहऱ्यावर तरतरी. निघताना नणंदबाई पर्स उपसत बसल्या. "अगंबाई, किल्ली?"

"माझ्याकडे आहे, वन्सं," काकू म्हणाल्या. "दार मीच लावलंय. दोनदा ओढूनही बघितलंय."

आता माझी वायर तुटायला आली आहे, नवा प्रोब खोक्यात वाट बघतोय. त्याला एवढंच सांगून ठेवलंय, की गळ्याला गिळू द्यावं. आणि तुमच्या घरी कुणी सारखं दमत असेल, विसरत असेल, तर बाबांनो, आळशी म्हणण्याआधी एकदा रक्त तपासा. नव्या प्रोबचं जेलही माझ्या जेलइतकंच थंड आहे. दचकायची तयारी ठेवूनच या.