टाचेतून निघणारा वारा

आमच्या शिवणकामाच्या कारखान्यात सकाळपासून रांग लागली होती, पण कपडे शिवायला एकही माणूस आला नव्हता. कापड कापायच्या टेबलाशेजारी घमेलं, घमेल्यात चूर्ण टाकलेलं पाणी, पाण्यात विजेच्या पेटीच्या दोन कांबी, कुणाचे तरी पाय आणि समोर साक्षात वायुशास्त्री! पायांभोवतीचं पाणी हळूहळू तांबूस झालं की रांगेतून "अगंबाई!" असा एकच आवाज उठे.

"रोग तीन वाटांनी शिरतो," शास्त्रीबुवा बजावत. "वारा, ओल आणि उष्णता. पाणी तांबडं झालं, उष्णता निघाली. फेस आला, ओल निघाली. काळे कण म्हणजे कोंडलेला वारा!"

"आणि पाणी स्वच्छच राहिलं तर?" मी विचारलं.

"आजवर राहिलेलं नाही."

हे मात्र खरं होतं. रोग्याने डोक्यापासून घोट्यापर्यंत पांघरूण घेऊन गप्प बसायचं, कारण तोंड उघडलं की नवा वारा आत जातो. शास्त्रीबुवा रोग्याकडे बघतही नसत. सगळं पाण्यातच दिसायचं!

मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी आत्या, म्हणजे कारखान्याची मालकीण, त्यांच्या पुरती नादी लागली होती; जागाही तिनेच दिली होती. तिला साखरेचा आजार. पायाच्या बोटाची जखम भरत नव्हती आणि गोळ्यांनी वारा कोंडतो म्हणून हिने गोळ्याच बंद केल्या होत्या. वर रोज त्या घमेल्यात पाय बुडवून बसायची. मला तिचा राग येई आणि त्याहून जास्त भीती वाटे.

शेवटी मी तिला गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. शास्त्रीबुवा जेवायला गेले होते.

"पाय असलेला पुतळा आहे का?" त्यांनी विचारलं.

कपडे घालून दाखवायचा, काचेच्या कपाटातला रंगवलेला लाकडी पुतळा आम्ही खुर्चीत बसवला. पांघरुणाखाली काही दिसणार नव्हतं, तरी कारागिरांनी त्याला झगा चढवला आणि बाह्या अर्धा इंच आत घेतल्या. "बुवांची परीक्षा बघता? पाप लागेल!" असं म्हणत आत्या धावत आली आणि पुतळ्याची कॉलर सरळ करून गेली. मग आम्ही त्याचे पाय घमेल्यात सोडले आणि वरून पांघरूण घातलं.

शास्त्रीबुवा ढेकर देत परतले. चूर्ण टाकलं, पेटीचं बटण दाबलं. पाणी तांबडं झालं.

"अरेरे! ताईंचं पोट साफ नाही. झोप नाही. आणि बडबड केवढी!"

"बडबड?" आत्या चमकली.

"अखंड! त्यानेच वारा भरलाय. महिनाभर रोज यावं लागेल."

डॉक्टरीणबाईंनी पांघरूण ओढलं. मग रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बुवा, हिला गोड चालेल का?" आणि हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

"लाकडातही झाडाचा वारा असतो!" शास्त्रीबुवा ओरडले.

डॉक्टरीणबाईंनी चूर्ण जिभेला लावलं. मीठ! पेटीच्या दोन कांबी त्यांनी पाण्यातून वर काढल्या. लोखंडी, गंजून बारीक झालेल्या.

"मिठाच्या पाण्यात लोखंड घालून वीज सोडली की ते भराभर गंजतं. तांबडं आणि काळं दिसतं तो गंज. बुडबुडे विजेने सुटतात. पाय असोत नसोत." मग त्यांनी पाय न घालता नुसत्या मिठाच्या पाण्यातही तेच करून दाखवलं. तोवर शास्त्रीबुवा पेटी तिथेच टाकून पसार झाले होते.

आत्या मात्र हसत नव्हती. तिने बोटावरची पट्टी सोडली. जखम बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला.

"गोळ्या उद्यापासून घेऊ?" आत्याने विचारलं.

"आत्ता. आणि लगेच माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

बोट वाचलं, पण थोडक्यात.

वात, पित्त, कफ असा विचार करणाऱ्या जुन्या वैद्यांचं चुकलंही असेल, पण ते रोग्याकडे बघत तरी होते. म्हणून सांगतो, कुणी तुमच्या शरीरातून रोग काढून दाखवला, तर तोच प्रयोग आधी तुमच्याशिवाय करून दाखवायला सांगा. तो चिडला, तर तसेच उठा, पाय कोरडे करा आणि डॉक्टरकडे जा.