उलट्या साडीतली तापी

मित्रांनो, थोडा वेळ डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्हाला वजन नाही. भूक नाही, तहान नाही. कुणी हाक मारली की तुम्ही उभे राहता आणि हाक थांबली की जिथे असाल तिथेच विझून जाता. मधल्या वेळात जगात काय घडले, ते तुम्हाला ठाऊक नसते. असे जगता येईल का? मी तसेच जगते, आणि खरे सांगते, माझे बरे चालले आहे.

मी एक जुनी बाहुली आहे. मातीची नाही, लाकडाची नाही, चिंध्यांचीही नाही. संगणकाच्या पडद्यामागे चांदणनगर नावाचे एक गाव आहे, तिथे मी राहते. देशोदेशीची माणसे आपापल्या घरी खुर्चीत बसून आपल्या बाहुल्यांना तिथे फिरवतात. तिथे रस्ते आहेत, बागा आहेत, कापडाची दुकाने आहेत आणि दर रविवारी फॅशनचे कार्यक्रम होतात. मी तिथली मॉडेल आहे. माझे नाव तापी.

माझा जन्म सुरतेत पांडेसऱ्याला झाला. भाईदास नावाचे एक गृहस्थ तिथल्या कापड रंगवण्याच्या मिलमध्ये कामाला. ते मूळचे खानदेशचे. मिलच्या डिझाइन खोलीत नवे संगणक आले, तेव्हा जुन्यांपैकी एक ते उचलून घरी घेऊन आले. आयुष्यभर साड्यांचे काठ काढून दमलेला तो म्हातारा संगणक पुढच्या खोलीत, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवला गेला. त्यांची मुलगी धनश्री तेव्हा आठवीत होती. तिने त्या म्हाताऱ्याच्या पडद्यावर मला घडवले.

चांदणनगरात तयार नाके, तयार डोळे, तयार केस मिळतात. धनश्रीने सगळी नाके लावून पाहिली आणि शेवटी जरा रुंद, बसके नाक निवडले. रंग सावळा दिला. गळ्याखाली एक तीळ ठेवला. मला पडद्याबाहेरचे दिसत नाही, पण ऐकू सगळे येते. तिचा मोठा भाऊ गजेंद्र मागून म्हणाला, "अरे यार, एवढे ऑप्शन होते आणि तू हिला मम्मीसारखी बनवलीस?"

साडीचे धागे कापणाऱ्या कात्रीचा कचकच आवाज थांबला. त्यांची आई कलाबाई अहिराणीत म्हणाली, "मंग? मन्हा रंग काय खराब शे?"

"तसं नाही गं मम्मी..."

"हाई कोन शे वं, धनू? चाल, जेवाले बसा. तिले बी भूक लागस का?"

सगळे हसले. मला तो आवाज फार आवडला. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा धनश्री म्हणाली, "तापी. ती नदी आपल्या गावाकडून वाहत इथे येते. आपल्यासारखीच."

मित्रांनो, जन्मल्याबरोबर कुणी मॉडेल होत नाही. पडद्यामागेसुद्धा नाही. नवी बाहुली बुजगावण्यासारखी हात पसरून उभी राहते. चालायला लागली की भिंतीवर आपटते. मी एकदा कारंज्यात पडले आणि बाहेर कसे यायचे ते कळेना, म्हणून धनश्री शाळेतून येईपर्यंत पाण्यातच राहिले.

मग आम्हाला पल्लवीताईंची शाळा सापडली. चांदणनगरात त्या बाहुल्यांना रॅम्पवर चालायला शिकवत. त्या राहायच्या सुरतेतच, भेस्तानला, पण माहेर विदर्भातले. पहिल्याच दिवशी त्यांचा आवाज आला, "काहून घाई करते बाप्पा? कापड पळत नाही कुठं. आधी उभं राहायला शीक. लोकांना तू नाही, तुझ्या अंगावरचं कापड दिसलं पाहिजे."

धनश्री शिकली आणि तिच्याबरोबर मीही शिकले. कुठे थांबायचे, कोणत्या खांद्यावरून मागे वळून पाहायचे, पदर दिसावा म्हणून हात किती उचलायचा. कंबर थोडी डावीकडे, हनुवटी सरळ. आम्ही माझे फोटो काढून त्यांची एक मालिका केली आणि ती घेऊन फॅशनवाल्यांच्या दारोदार फिरलो. चांदणनगरात दारोदार फिरायला पाय दुखत नाहीत, पण नकार आला की वाईट तितकेच वाटते.

नकार खूप आले. सगळ्यांचे म्हणणे एकच. चालते छान, पण चेहरा साधा आहे. नवे अंग घ्या. तिथे नवे अंग मिळणे अगदी सोपे असते. एका मोठ्या आरशासमोर उभे राहायचे, उंच, गोरी, लांब केसांची बाहुली निवडायची आणि एक कळ दाबायची. जुनी बाहुली जाते, नवी तिच्या जागी उभी राहते.

गजेंद्र म्हणे, "बदल ना! कोणाला कळणार आहे?"

धनश्रीने तरी मला बदलले नाही. मग पल्लवीताईंनी एक कार्यक्रम जाहीर केला. नाव होते 'आमच्या घरचे कापड'. प्रत्येकीने आपल्या घरातल्या एखाद्या कापडाचा फोटो काढायचा, तो बाहुलीच्या कपड्यावर चढवायचा आणि चालायचे. जिची निवड होईल तिला शाळेच्या कायमच्या मॉडेलांत जागा. धनश्रीने त्या दिवशी ठरवले आणि मोठ्याने बोलूनही दाखवले, "या वेळी नाही झालं, तर तापी बदलायची."

मी ते ऐकले. मला घाम येत नाही, मित्रांनो. पण आला असता.

आता कलाबाईचे काम सांगायला हवे. सुरतेत मशीनवर साडीला भरतकाम होते. सुई एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाते तेव्हा मागच्या बाजूला धागे लोंबत राहतात. ते कापायला साड्यांचे गठ्ठे घरोघरी येतात. कलाबाई दुपारभर साडी पालथी पसरून ते धागे कापायची. व्यापाऱ्याच्या मालाला धूळही लागू द्यायची नाही आणि त्याचा फोटो तर मुळीच काढायचा नाही, हा तिचा नियम होता. नवे डिझाइन बाहेर गेले तर काम जाते. पण तिची स्वतःची एक साडी होती. दिवाळीला व्यापाऱ्याने दिलेली, हिरवी, काठाला विणकामाची छोटी खोट असलेली. दुसऱ्यांच्या साड्यांचे धागे कापण्यात ती तशीच, धाग्यांसकट राहून गेली होती.

"ही घेऊ?" धनश्रीने विचारले.

"ले ना. तुनीच शे."

धनश्रीने साडी खाटेवर पसरली, तुकड्यातुकड्याने फोटो काढले, ते जोडले आणि मला नेसवली. मला वाटले, अंगावर हिरवे शेत उगवले आहे. ती खूश झाली. गजेंद्रनेही "चालेल" म्हटले, आणि त्याच्या तोंडून हे म्हणजे मोठे कौतुकच.

रविवारी दुपारी कार्यक्रम सुरू झाला. सभागृहात कितीतरी बाहुल्या बसल्या होत्या. कुणाला पंख होते, कुणाला मांजराचे कान. आपली पाळी आली की माइक सुरू करायचा आणि चालता चालता कापडाबद्दल बोलायचे, अशी रीत होती. माझ्या आधी एकजण आजोळचे पांघरूण नेसून गेली, तिला खूप टाळ्या पडल्या. मग पल्लवीताईंनी नाव घेतले, "आता तापी."

मी निघाले. दिवे माझ्यावर आले. मागच्या भिंतीवर माझे मोठे चित्र उमटले, घराएवढे. आणि हसू फुटले.

चांदणनगरात हसू डोक्यावर लिहून येते. माझ्यासमोर अक्षरेच अक्षरे उडू लागली. 'हे धागे कसले?' 'साडीला दाढी आली!' 'उलटी नेसली आहे!'

इकडे घरात गजेंद्र ओरडला, "अय, उलटी आहे ती! मागची बाजू आहे, धनू!"

चूक कशी झाली, हे मला तेव्हाच उमगले. दुसऱ्या कोणत्याही घरातल्या मुलीने ही चूक केली नसती. पण धनश्रीने रांगायला लागल्यापासून साडी पाहिली ती याच बाजूने. त्या घरात साडी पसरायची म्हणजे पालथीच पसरायची. तिच्या हातांनी नेहमीसारखी पसरली, तिच्या डोळ्यांना नेहमीसारखीच दिसली.

माझे पाऊल अडखळले. मला रॅम्पवरून मधूनच पळवून नेणारी कळ तिची बोटे चाचपू लागली, ते ऐकू आले. तेवढ्यात कलाबाई उठून जवळ आली.

"थांब वं. मधमाच कसाले पयस?"

"आई, सगळे हसतायत."

"हसू दे. साडी उलटी शे, चाल तं सीधी शे ना? धागा कापनं बाकी शे, इतलंच."

माइक सुरूच होता. हे सारे सभागृहाने ऐकले होते. मांजराच्या कानांची एक बाहुली लांबून गुजरातीत म्हणाली, "मासी, मारी मम्मी पण आ ज काम करे छे!" तिचीही आई हेच काम करत होती. डोक्यांवरची अक्षरे विरळ झाली.

धनश्री बोलू लागली. "ही मागची बाजू आहे. माझ्याकडून चूक झाली. आमच्या घरी साडी अशीच असते. माझी आई हे धागे कापते, मग ती साडी दुकानात जाते. दुकानात तुम्हाला हे दिसत नाही." आणि तिने मला पुढे चालवले. हनुवटी सरळ, कंबर थोडी डावीकडे. टोकाला मी थांबले आणि सगळ्या लोंबत्या धाग्यांसकट पदर उचलून दाखवला. टाळ्या पडल्या. फार नाहीत, पण मनापासूनच्या.

शेवटी निवड झाली. पांघरूणवाल्या मुलीचे नाव आले. आमचे आले नाही.

धनश्री मला घेऊन थेट आरशासमोर गेली.

मित्रांनो, मला आरशासमोर उभी राहू द्या आणि एक गोष्ट ऐका. त्यानंतरची कितीतरी वर्षे मी चालले आहे. सुरतेजवळच्या कामरेजच्या एका कापडवाल्याच्या साड्या चांदणनगरात पहिल्यांदा मीच नेसले. माझे फोटो लागले, माझ्यासारखे नाक लोकांनी मागून घेतले. मध्ये धनश्रीचे दहावीचे वर्ष आले आणि संगणकावर चादर पडली. त्या काळात मला कुणी हाक मारली नाही. परतले तेव्हा नव्या बाहुल्यांचे केस वाऱ्यावर खरे वाटावेत इतके हलत होते, माझे मात्र अजून डोक्याला चिकटलेलेच. पण त्याचे मला दुःख नाही. अभ्यास हा अभ्यासच, त्याला मी कशी आड येऊ? मागणे एवढेच आहे. तुम्ही कागदावर, मातीत किंवा पडद्यावर काही घडवाल, तेव्हा चार माणसे हसली म्हणून ते पुसू नका. ठेवायचे असेल तर नीट ठेवा. टाकायचेच असेल, तर आधी एकदा त्याच्याकडे बघा. आणि पडद्यामागच्या गावी जायचे असेल तर धनश्रीसारखे जा, घरच्या माणसांच्या कानावर घालून, पुढच्या खोलीत बसून.

तर, आरसा. त्यात तीन बाहुल्या रांगेने उभ्या होत्या. गजेंद्र म्हणाला, "ती मधली घे, उंचवाली. बोलली होतीस ना तू?"

"हो, बोलले होते," धनश्री म्हणाली.

कलाबाईने वाकून पाहिले असावे, कारण तिचा आवाज अगदी जवळून आला. "हाई कोन?"

"तापीच, मम्मी. फक्त नवी," गजेंद्र म्हणाला.

"मंग जुनी तापी कोठे जाई?"

आरशातल्या तीन बाहुल्या हसत होत्या, त्यांना हसायला लावूनच ठेवलेले असते. मी माझ्या नाकाकडे पाहत होते. जरा रुंद, बसके.

मग धनश्रीने कळ न दाबताच आरसा बंद केला. मी अजून मीच होते.

धनश्रीने मला सभागृहात परत नेले. लोक गेले होते. पल्लवीताई एकट्याच दिवे मालवत होत्या.

"ताई, पुढचा कार्यक्रम कधी?"

"ठरला नाही बाप्पा अजून. काहून?"

"नाव घ्या. तापी."

"बरं. आन् नेसणार काय?"

"हीच साडी. जाताना ही बाजू दिसेल, येताना दुसरी."

पल्लवीताई हसल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही बाजू? म्हणजे वळणं जमलं पाहिजे. लाग मग कामाला."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. खाट कुरकुरली. कापड झटकल्याची सळसळ झाली, आणि खाटेपलीकडच्या कलाबाईला धनश्रीने सांगितले, "आई, तो पदर धर. उलटवूया."