परतीचा विमा

हेमराज घागरे यांनी जन्मभर मध्यप्रदेशातल्या सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवला. ओमानचं आखात फळ्यावर कितीदा तरी काढलं, पण स्वतः ते कधी विमानात बसले नव्हते. मस्कतला दिलेल्या मुलीनं, उर्वशीनं, "दिवाळी झाली की दोघंही इकडं याच," असा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आधी पासपोर्ट काढले आणि मग ते क्रेडिट कार्ड शोधायच्या मागे लागले.

हे वेड त्यांच्या डोक्यात घातलं मेहुण्यानं. मुकुंदचं पांढुर्ण्यात कापडाचं दुकान. माल बघायला तो विमानानं जायचा आणि परत आला की विमानतळावरच्या फुकट नाश्त्याचं वर्णन गावभर करायचा.

"भाऊजी, पॉइंटवालं कार्ड घ्या," तो म्हणाला. "म्या नुसत्या पॉइंटात मिक्सर घेतला."

"परदेशात पाय मोडला तं तुया मिक्सरचं काय करू? मले प्रवासाचा विमा देणारं कार्ड पायजे," हेमराज म्हणाले.

मग रोज सकाळी चहा झाला की ते ओसरीत बसून एकेका बँकेला फोन लावायचे. बॅग हरवली तर काय, विमान चुकलं तर काय, दाताचं दुखणं विम्यात बसतं का, उंटावरून पडलं तर चालतं का. बायको प्रेमलता समोर वालाच्या शेंगा सोलत ऐकत असायची. एके दिवशी तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. फोनवर हेमराज विचारत होते, "अन् पत्नी दगावली तर किती?"

"माया मरणाचा भाव काढून राहिले काय तुमी?"

"भाव नाई व. तुलना करून राहिलो."

"मंग कुठं जास्त भेटते?"

हेमराजांनी आकडा सांगितला. प्रेमलतानं शेंगा पुन्हा पुढ्यात ओढल्या. "अन् तुमचं?"

"मायं दुप्पट हाय. मुख्य कार्ड माया नावाचं ना."

त्या दिवशी जेवायला फक्त वालाची भाजी होती आणि तीही अळणी.

शेवटी एक कार्ड ठरलं. पॉइंट कमी, विमा भरपूर. एक अट मात्र होती. ज्या तिकिटाचे पैसे त्या कार्डावरून जातील, त्याच प्रवासाला विमा लागू. ही अट बारीक अक्षरात होती आणि ती आपण शोधून काढली, याचा हेमराजांना फार अभिमान वाटला. आता तिकिटं काढायला बसणार, तोच जावयाचा फोन आला.

"बाबा, सरप्राइज!" केतन म्हणाला. "तुमची यायची तिकिटं मी काढली. परतीची नंतर काढू, तुम्ही निवांत राहा."

प्रेमलताचे डोळे भरून आले. हेमराजांचेही आले, पण त्याचं कारण वेगळं होतं.

"जवायानं एवढ्या हौसेनं पाठवले अन् तुमी तोंड पाडून बसले," ती नंतर म्हणाली.

"त्याच्या कार्डावर त्याचा विमा होते, आपला नाई."

"मंग सांगा त्याले, तिकीट वापस कर म्हणून."

हे काही शक्य नव्हतं. जावयाला असं सांगणारा सासरा सौंसरमध्ये अजून जन्मला नव्हता. दोन दिवस ते येरझारा घालत राहिले आणि मग त्यांनी केतनला फोन केला. "जवाईबापू, येणं तुमच्याकडून, पण जाणं आमच्याकडून. लेकीच्या घरून जवायाच्या पैशानं परतणं आमच्यात चालत नाई."

प्रेमलतानं अशी चाल कधी ऐकली नव्हती.

अशा रीतीनं जाताना हेमराज विम्याविना निघाले आणि त्यांनी सगळ्यांचा जीव खाल्ला. विमानात प्रेमलताला गरम चहा घेऊ दिला नाही, कारण भाजलं तर कोण देणार. सरकत्या जिन्यावर पाय ठेवू दिला नाही. मस्कतमध्ये समुद्रावर गेले तर तिघं पाण्यात आणि हे लांब वाळूत, चपला सांभाळत. उर्वशीनं विचारलं, "बाबा, बरं नाही का?" तर म्हणाले, "बरं हाय ना. बरंच राहायचं हाय."

परतीचं तिकीट त्यांच्या कार्डावर होतं. विमानतळावर पाऊल टाकलं आणि माणूसच बदलला. प्रेमलताला म्हणाले, "घे, चहा घे. जिन्यानं चाल. घाबरू नको." मुंबईला विमान बदलताना त्यांनी मोठी बॅग पट्ट्यावर अशी सोडली, जणू नदीतच सोडून दिली.

आणि नागपूरला ती आलीच नाही.

पट्टा फिरत राहिला. लोक आपापल्या बॅगा उचलून गेले. प्रेमलता रडकुंडीला आली. त्या बॅगेत तिच्या सगळ्या चांगल्या साड्या होत्या, उर्वशीनं दिलेला खजूर होता. इतक्यात हेमराज तिच्याकडे वळले. चेहरा उजळलेला.

"नाई आली!"

"दिसून राहिलं ना मले."

"अवं, तसं नाई. विम्यात हाय हे! बॅग लेट झाली तं गरजेच्या वस्तू आपण घ्यायच्या अन् पैसे कंपनी देते."

काउंटरवरच्या पोरानं सांगितलं, बॅग मुंबईलाच राहिली, उद्या-परवा मिळेल. तो बिचारा माफी मागत होता आणि हेमराज त्याचे आभार मानत होते.

मुकुंद गाडी घेऊन आला होता. त्यानं दोघांना आधी पांढुर्ण्याला आपल्या घरी नेलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर हेमराजांनी दोन टॉवेल निवडले, बाजूच्या दुकानातून चपला आणल्या आणि म्हणाले, "झालं." प्रेमलता मात्र गादीवर बसली होती आणि तिच्यासमोर पिस्ता रंगाची रेशमी साडी उलगडलेली होती.

"ताई, पदर तं पाय," मुकुंद म्हणत होता.

"हे गरजेचं हाय काय?" हेमराजांनी विचारलं.

"साऱ्या साड्या बॅगेत गेल्या. मंग मी काय टॉवेल नेसू?"

कार्ड मशीनला लागलं.

सौंसरला पोहोचल्यावर त्यांनी कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, परतीच्या प्रवासात आपल्या गावी बॅग उशिरा आली तर ते विम्यात बसत नाही. घरी कपडे असतातच ना."

"कोणाच्या गावी? नागपूर मायं गाव नाई."

"सर, जवळचं विमानतळ..."

"बेटा, नागपूर महाराष्ट्रात हाय. मी मध्यप्रदेशात राहतो. राज्य वेगळं, सरकार वेगळं, गाडीचा नंबर वेगळा!"

त्याच दुपारी त्यांनी स्वतः नकाशा काढला. राज्याची सीमा लाल, रस्ता काळा, संत्र्याचे बगीचे हिरवे. बगीच्यांची काही गरज नव्हती, पण हात थांबेना. त्याचा फोटो काढून कंपनीला पाठवला.

चार-पाच दिवसांनी कंपनीतल्या त्याच मुलीचा पुन्हा फोन आला. ती म्हणाली, नागपूरचा मुद्दा वरच्या साहेबांकडे गेला आहे, पण रेशमी साडी गरजेच्या वस्तूत धरता येत नाही. हेमराज "बरोबर हाय, बरोबर हाय" म्हणायच्या बेतात होते, तोच प्रेमलतानं फोन ओढून घेतला.

"काहून धरता येत नाई? बाईच्या गरजेचं कोण ठरवते, तुमचा साहेब?"

"काकू, नियम आहे तसा."

"त्याची बायको काय नेसते इचार त्याले. नाव काय तुयं, पोरी?"

"भाग्यश्री."

"कोठची?"

"यवतमाळची," मुलगी म्हणाली आणि तिची भाषा एकदम सैल झाली. "काकू, मायी आईबी अशीच हाय. साडी पाहिली का ऐकतच नाई."

मग फोन बराच वेळ चालला. भाग्यश्री नोकरीसाठी एकटी राहते, डब्याची भाजी बेचव असते, दिवाळीला घरी जाणं झालं नाही, हे सगळं निघालं. प्रेमलतानं तिला संत्र्याच्या सालीची चटणी कशी करायची ते सांगितलं. हेमराज दोनदा "साडीचं इचार" म्हणून खुणावत होते, तिनं हातानंच गप्प बसवलं. फोन ठेवून ती म्हणाली, "साडीचे पैसे नाई देत म्हणे. पण पोरगी चांगली हाय."

निकाल आला त्याच सुमाराला, उद्या-परवाचे आठ दिवस करून, बॅगही घरी पोहोचली, खजुरासकट. टॉवेल आणि चपला मंजूर, साडी नामंजूर. हेमराजांना साडीचं फार वाईट वाटलं नाही. त्यांनी मोबाईलवरचं वाक्य मोठ्यानं वाचलं, "आपले निवासस्थान नागपूर नाही, हे आम्ही मान्य करतो," आणि तेच पुन्हा मुकुंदला फोन करून वाचून दाखवलं.

तोवर प्रेमलता पिस्ता रंगाची साडी नेसून, खजुराची पाकिटं पिशवीत घालून दारात उभी होती. अख्ख्या आळीत वाटायची होती.

"चालता का?" तिनं विचारलं. "का अजून कोणाले नकाशा पाठवायचा हाय?"

हेमराजांनी मोबाईल खिशात टाकला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.