जीनाने मागितलेला आशीर्वाद

विमानात बसल्या बसल्या पप्पांनी जाहीर करून टाकलं, "क्लेमेंटीन, इंग्रजी बोलायचं खातं तुझं."

वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून घरातली सगळी खाती हळूहळू माझ्याकडेच येतायत. मीही मागे हटले नाही. एअर होस्टेसकडून जादा उशी मिळवली, धाकट्या भावाला, फ्लॉईडला, ज्यूस आणून दिला, पप्पांचा अडकलेला पट्टा सोडवला. वटार गावातून निघून पहिल्यांदाच विमानात बसलेली मुलगी ही, असं कुणालाही वाटलं नसतं!

"हळू बोल गं," पप्पा म्हणाले, "पायलटला ऐकू जाईल."

आम्ही डब्लिनला चाललो होतो, मम्मीकडे, कायमचे. मम्मी तिथे नर्स आहे. ती गेली तेव्हा फ्लॉईड अंगणात सायकल शिकत होता आणि आमची धाकटी बहीण जीना नुकती रांगायला लागली होती. आधी तिथे घर मिळेना, मग व्हिसा मिळेना, मग आजी आजारी पडली. करता करता जीना चार वर्षांची झाली. मध्ये मम्मी एकदा सुट्टीवर येऊन गेली, पण जीनाला त्यातलं काही आठवत नाही.

म्हणून मला एकच काळजी होती. विमानतळावर जीनाने मम्मीला ओळखलं पाहिजे. धावत जाऊन मिठी मारली पाहिजे. भाषण पाठ करतात तसं मी तिच्याकडून पाठ करून घेत होते.

"बाहेर कोण भेटणार?"

"मम्मी."

"मग काय करायचं?"

"पळायचं. मग मिठी." जीना सुकेळं चावत होती. वाळवलेल्या केळ्यांचं ते पाकीट आजीने खास तिच्यासाठी दिलं होतं. "आणि घरी कधी जायचं?"

"ते नंतर सांगते."

पप्पा खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर पंखाशिवाय काही नव्हतं.

"तिला काय माहीत मम्मी!" फ्लॉईड मधेच म्हणाला. "मला माहितीये. ताप आला की मम्मी उलटा हात लावून बघते."

"गप रे, शहाण्या."

जीना त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. "मला ताप नाय," ती म्हणाली.

मधे विमान बदललं तेव्हा फ्लॉईडचा एक बूट हरवला आणि तो शोधेपर्यंत जीना माझ्या जीन्सवर ओकली. दुसऱ्या विमानात पाठांतर घ्यायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. डब्लिनला पासपोर्ट बघणाऱ्या माणसाने जीनाला हसून विचारलं, कोणाला भेटायला आलीस? ती माझ्या मागे लपली. "अवर मदर," मीच सांगितलं. आवाज अगदी ठणठणीत निघाला.

दार उघडलं आणि समोर मम्मी. हिरवा कोट, केस कापलेले. मम्मी एवढी बुटकी होती? फ्लॉईड बॅग टाकून सुसाट सुटला आणि तिच्या पोटावर जाऊन आदळला. पप्पांची ट्रॉली वाकडी गेली. मी जीनाला कडेवरून खाली ठेवलं. "पळ!"

ती पळाली नाही. नीट चालत गेली. मम्मी गुडघ्यांवर बसली होती, दोन्ही हात पसरून. जीना तिच्यापासून हातभर लांब थांबली, हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाली, "आशीर्वाद द्या, आंटी."

आमच्याकडे संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की मुलं मोठ्यांपुढे हात जोडून आशीर्वाद मागतात. पाहुणे आले तरी आधी हात जोडायचे, मग खाऊला हात लावायचा. आजीने हे जीनाला फार छान शिकवलं होतं. वटारमधली कुठलीही बाई म्हणाली असती, काय गुणी पोर आहे!

मम्मीचे हात तसेच हवेत राहिले. मग तिने एक हात खाली घेतला, दुसऱ्याच्या अंगठ्याने जीनाच्या कपाळावर क्रूस काढला. "देव बरं करो, बाळा," ती म्हणाली. शेजारच्यांच्या मुलीला म्हणतात तसं.

"जीना, मम्मी आहे ती!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की लोक वळून बघायला लागले. "आंटी काय म्हणतेस?"

"ओरडू नको तिला. बरोबर केलं तिने." मम्मी उठली आणि पप्पांकडे बघून हसली. "आईंनी वळण छान लावलंय हां." नाक पुसत होती आणि हसतच होती.

बसमध्ये पप्पा आणि फ्लॉईड पुढे बसले. मागे मी, मांडीवर जीना, शेजारी मम्मी. जीनाला झोप आली होती. मम्मी तिला हात लावत नव्हती.

"ही झोपते कशी गं?" तिने हळूच विचारलं. ड्युटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटबद्दल विचारते, तसं.

"कान धरून."

"कुणाचा?"

"माझा."

मम्मीने केस कानामागे सारले. कानातलं काढून पर्समध्ये टाकलं. मग दुसऱ्या कानातलंही.

जीनाचा श्वास संथ झाल्यावर मी माझ्या कानावरचा तिचा हात अलगद उचलला आणि मम्मीच्या कानावर ठेवला. मम्मी वाकली, श्वास रोखून. इवली बोटं तो कान एकदा चाचपून जरा थांबली. जीनाने डोळे उघडले नाहीत. हात तिथून निघाला, माझ्या गळ्यावरून चाचपडत वर आला आणि माझा कान घट्ट धरून बसला.

"अजून एकदा करू?" मी विचारलं.

"नको. उठेल ती."

बस वळली, थांबली, पुन्हा सुटली. मम्मी तशीच वाकून बसली होती.