पोटातलं पाणी

मंगळवारी सकाळी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये अपेक्षा चार वर्षांच्या ओवीच्या वेण्या घालत होती. तिला चौथा महिना संपत आला होता. रक्ताच्या पहिल्या तपासणीत बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता निघाली होती. "पूर्वी एवढ्यावरच पोटात सुई घालायचो," डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "आता आधी रक्ताचीच आणखी बारीक तपासणी करतो. बहुतेकींचं तिथंच भागतं." अपेक्षाचं भागलं नव्हतं. आज पोटातलं पाणी काढायचं होतं.

फोन स्पीकरवर होता. नातेपुत्याहून चुलतसासू केराबाई बोलत होत्या, "पानी काढत्यातच न्हवं? मग हळूच इचारून घ्या की, काय हाय ते. एक पोरगी हायच."

तिचा नवरा अजिंक्य हसला. "काकी, आता कुणी सांगत नाही. तुरुंगात जातील."

"सांगनारा गावतो रं. इचारायला तोंड पायजे."

"आई, दुखतंय!" ओवी ओरडली. अपेक्षाने वेणी फारच घट्ट ओढली होती.

एम.एस्सी. झालेली अपेक्षा काकींना एका शब्दात गप्प करू शकली असती. पण दोषाच्या भीतीखाली तिनंही एक प्रश्न दडवून ठेवला होता, आणि तो काकींचाच होता.

सासूबाई बजाबाई कालच गावाहून आल्या होत्या, कुणी न बोलावता. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "मी बी येते दवाखान्यात," एवढंच म्हणाल्या.

ओवीला बालवाडीत सोडून तिघं रिक्षानं निघाली.

सिस्टरनं फॉर्म पुढं केला. 'गर्भ मुलगा आहे की मुलगी, हे मला जाणून घ्यायचे नाही.' ओवीच्या वेळी अपेक्षाने ही ओळ न वाचताच सही केली होती. आज पेन तिथंच थांबलं. अजिंक्य पुढं झुकला.

"सिस्टर, एक विचारायचं होतं..."

"अजिंक्या, गप बस." बजाबाई बाकावरून उठल्या होत्या.

"आई, मी फक्त..."

"मी बी फक्त इचारलंच हुतं." त्यांचा आवाज चिरकला. "तुज्या आदल्या साली. ह्याच सोलापुरात. तवा बी सुईनं पानीच काढलं. पोर धडधाकट हाय म्हनले, पर पोरगी हाय. चार दिसांत पोट पाडून मोकळी झाले मी. मग तू आलास. पेढं वाटलं आमी."

सिस्टरनं मान खाली घातली. आपल्या आधी कुणीतरी होतं, हे अजिंक्यला छत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"बाळाचं दुखनं कळाया आनली हुती ती सुई," बजाबाई त्याला म्हणाल्या. "आमी तिला दुसरंच इचारलं."

अपेक्षाने सही केली.

आतून तिचं नाव पुकारलं गेलं. दारापाशी ती थबकली.

"आई, मीसुद्धा विचारणार होते."

बजाबाईंनी तिच्या खांद्यावरची ओढणी सारखी केली.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "म्हनून तर न बोलावता आले."